बिरजूचा भोंगा आणि माझी बदनामी

ऊर्जानगर, चंद्रपूर
रविवार, जेवण झाल्यावर

आदरणीय रुखमाबाई हिला तिच्या धाकट्या श्रावणचा मनापासून जय भीम.

पत्राचं कारण राग हे आहे, पण मोठ्या बहिणीला लिहिताना पहिल्याच ओळीत रागावू नये एवढी रीत मला आहे, म्हणून आधी विचारपूस. तुझा गुडघा कसा आहे? मोहाच्या बियांचं तेल चोळतेस, की शिशी देवळीत ठेवून तिच्याकडे नुसती पाहतेस? धानाची मळणी आटोपली का? नातीचं लग्न थाटात झालं असं कळलं. नवरदेव भलताच उंच आहे म्हणतात. चांगलं झालं, आपल्या घराण्यात माळ्यावरचा डबा काढायला कोणी नव्हतंच. इथे राजदीप, नंदिनी आणि तुझी भावजय असे तिघे खुशाल आहेत. चौथ्याचं विचारू नकोस, त्याचंच हे पत्र आहे.

तर बाई, मी लग्नाला आलो नाही म्हणून तू रुसलीस. माझी पाठ धरली होती असं मी कळवलं होतं, आणि ते कारण सगळ्यांना पुरलं असतं. पण आमच्या सूनबाईंनी तुला फोनवर सांगितलं, "आत्याबाई, पाठ-बीठ काई नाई. बाबा पाववाल्याच्या भोंग्याले भितात, म्हणून घराबाहीर निंघत नाई." यावर तू जे हसलीस ते मला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आलं. फोन नंदिनीच्या कानाला होता आणि मी दोन खोल्या पलीकडे लसूण सोलत होतो! बरं, हसून मोकळी झाली असतीस तर मी गिळलं असतं. पण तू ते तुमच्या धानोऱ्यात गावभर केलंस. काल तिकडच्या कोणाचा फोन आला, तर नमस्कार-चमत्कार सोडून त्या माणसाने तोंडानेच "पोंऽ" केलं. (मी फोन खाली ठेवला. पडला नाही, ठेवला.) म्हणून जे घडलं ते माझ्याकडून ऐक.

दिवाळी झाल्यावरची गोष्ट. सकाळी मी वाटी घेऊन फाटकाशी उभा होतो. बिरजू पाववाल्याची सायकल वळणावर आली आणि त्याने तो रबरी भोंगा दाबला. त्या भोंग्याचा आवाज तू ऐकलेला नाहीस, म्हशीचं पारडू चिखलात बसल्यावर करते तसा आहे. भोंगा वाजायला आणि मागच्या भिंतीवरून बिबट आमच्या अंगणात उतरायला एकच गाठ पडली. आता बिबट आमच्याकडे नवा नाही. थर्मल वीजकेंद्राच्या झाडीत त्यांचा मुक्काम असतो, कोणी पाइपवर बसलेला पाहतो, कोणी रस्ता ओलांडताना. पण पाहणं वेगळं आणि त्याची शेपटी आपल्या लुंगीला घासून जाणं वेगळं. शेजारच्या गुणवंतरावांचा कोंबडा आमच्या तुळशीजवळ हिंडत होता, तो त्याने तोंडात धरला, माझ्याकडे एकदा पाहिलं (ते पाहणं अपमानकारक होतं, जणू मी खांब आहे) आणि आल्या वाटेने गेला. मी जागचा हललो नाही. याला हिंमत म्हणतात. तुझी भावजय म्हणते, हलताच येत नव्हतं. पुरावा काय, तर वाटी माझ्या हातातून काढायला तिला बोटं एकेक उघडावी लागली. मी म्हणतो, पकड मजबूत होती.

त्यानंतर मी बिबट्याची हकिगत येईल त्याला सांगितली, ऐटीत सांगितली. टीव्हीवर बिबट दिसला तर मी जेवत राहतो. मग मी भित्रा कसा? आता एक किरकोळ गोष्ट आहे, ती तू ऐकलीच आहेस. दुसऱ्या दिवशी बिरजू आला, भोंगा वाजला आणि मी न्हाणीत होतो. आंघोळीला गेलो नव्हतो. कडी लावून बादली उपडी करून तिच्यावर उभा होतो, आणि तिथे कसा पोचलो हे मला आजही सांगता येणार नाही. मग कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला तरी तेच. मग कुकरची शिटी. शेवटी गुणवंतराव सकाळी नाक शिंकरत तेव्हासुद्धा मी न्हाणीत! छाती धडधड, हातापायाला घाम, आणि डोक्यात एकच, की भिंतीवरून काहीतरी येते. म्हणून बाहेर जाणं थोडं कमी केलं. आधी चौक बंद केला, मग फाटक, मग अंगण. राजुऱ्याच्या मित्राकडे वास्तुशांती होती, तिथे नाही गेलो. तुझ्याकडे नाही आलो. आयुष्यभर ज्याने बॉयलरच्या गर्जनेत शिफ्ट केली, त्याच्या कानाला कापूस! मला काय वाटत असेल याचा विचार कोणी केला नाही. केला असेल तर फक्त नंदिनीने, आणि तिथेच माझी खरी विटंबना सुरू झाली.

नंदिनी लग्नानंतर पुन्हा कॉलेजात जाते हे तुला ठाऊक आहे. विषय मानसशास्त्र. तो शिकणाऱ्याला घरातलं कोणीच धडधाकट दिसत नाही. एक दिवस ती माझ्यापुढे पाट घेऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, तुमचं हे पावलोव्हसारखं झालं." मी म्हणालो, "पाव लो? बिरजूनं कवापासून हिंदीत ओरडणं सुरू केलं?" ती हसली नाही, उलट समजावू लागली की हा पावलोव्ह रशियातला मोठा शास्त्रज्ञ होता. तो कुत्र्याला खाऊ द्यायच्या आधी काहीतरी वाजवायचा. असं पुष्कळदा झालं, की मग खाऊ नसला तरी नुसत्या आवाजाने कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटायचं. आवाज आणि खाऊ यांची डोक्यात गाठ बसली. "तशी तुमच्या डोक्यात भोंग्याची आन् बिबट्याची गाठ बसली बाबा. ही भीती तुम्ही शिकले. शिकलेलं मोडता येते."

बाई, तूच सांग. सुनेने सासऱ्याला कुत्र्याच्या रांगेत बसवावं? मी तसं तिला बोललोही. आतून तुझी भावजय म्हणाली, "कुत्रा बरा, तो भुकते तरी. न्हाणीत नाई लपत." चाळीस-बेचाळीस वर्षांचा संसार आणि हे वाक्य!

मग उपचार. पहिल्या दिवशी श्वास. पोट फुगवून हळू घ्यायचा, हळू सोडायचा. जन्मापासून मी श्वास घेतो आहे, कधी कोणी चूक काढली नव्हती. मग तिने विचारलं, शंभरात किती भीती वाटते? मी म्हणालो, शून्य. ती म्हणाली, "बरं, शून्य तर शून्य," आणि तोंडाने अगदी हळू "पों" केलं. मी खाटेवर उभा होतो. ती म्हणाली, "आता?" मी म्हणालो, वीस. (ऐंशी होती.) तेव्हापासून रोज मी गादीला टेकून पोटाने श्वास घ्यायचा आणि सूनबाईंनी समोर बसून "पों" म्हणायचं. आधी कुजबुजत, मग मोकळ्या आवाजात, मग मोबाइलमध्ये भरलेला भोंगा, तोही आधी उशीखाली ठेवून. घाबरलो तर थांबायचं, पण न्हाणीत जायचं नाही. भीती चढू द्यायची, ती आपोआप उतरते म्हणे. एकदा भीती अशी चढली की मी रडलो. हे फक्त तुला लिहितो. पोट्टी बाजूला येऊन बसली आणि म्हणाली, "बिबट होता बाबा. खरा होता. भ्याले त्यात काई चूक नाई. पण भोंगा नुसता भोंगा आहे." तिचं बोलणं बरोबर असेलही. पण मी मागितलं नव्हतं.

या सगळ्यात एकच बरी गोष्ट होती. भोंगा संपला की समोर कोथिंबिरीची गरम सांबारवडी यायची. मी समजत होतो की मला कोथिंबीर मानवते म्हणून करतात. तर एक दिवस दाराआडून ऐकलं, नंदिनी सासूला शिकवत होती: "आई, बाबा ओरडले तर पाहूच नका. शांत बसले का लगेच वडी ठेवा." अगं, सर्कशीत सिंहाला असंच शिकवतात! मी तिथल्या तिथे वडीवर बहिष्कार टाकला आणि ठरवून ओरडत राहिलो. कोणी पाहिलं नाही. राजदीप तर ड्यूटीवरून आला, माझ्या ओरडण्यातच जेवला आणि हात धुऊन झोपला. बाई, समोरून उत्तर न येता ओरडणं हे फार कंटाळवाणं काम आहे, घसा दुखतो आणि मुद्देही संपतात. दुपारी मी आपल्या मर्जीने गप्प झालो. लगेच वडी! मी थकून गप्प झालो होतो, वडीसाठी नाही, पण हे त्या वडीला कोण सांगणार? ती गरम होती. मी खाल्ली.

आता गेल्या आठवड्यातलं ऐक. नंदिनी म्हणाली, आज फाटकाबाहेर जायचं, बिरजूसमोर. मी पाठ धरल्याचं सांगितलं. ती म्हणाली, "धरू द्या, पाठीले घेऊनच चला." भिंतीला हात लावत गेलो. बिरजूची सायकल आली, पण भोंगा वाजेना. तो पार दूर थांबला, माझ्याकडे पाहिलं आणि सायकल मागे वळवू लागला. नंदिनीने हाक मारून बोलावलं तर म्हणतो, "नको बाई. या फाटकापाशी भोंगा दाबला का अंदरून साहेब असे किंचाळते का माझा हात गार पडते. आता तं रस्त्याचा हा मोड आला तरी पोटात गोळा येते. मी इथी भोंगा वाजवणंच सोडलं."

मी त्याच्या भोंग्याला भीत होतो, ते ठीक. पण तो मला भीत होता! मी काय बिबट आहे? नंदिनीने तोंडावर ओढणी धरली होती, खांदे हलत होते. मग गंभीर होऊन म्हणाली, "बाबा, तुम्ही त्याची गाठ पाडली, तुम्हीच सोडा. भोंगा तुमच्या हातानं दाबा."

बिरजूने हँडल पुढे केलं आणि डोळे मिटून घेतले. भिंतीकडे पाहिलं, भिंत मोकळी होती. नंदिनी हळूच म्हणाली, "पळा वाटलं तं पळा बाबा. मी बी मागून येते." यावर मला इतका राग आला (मी पळतो आणि सून मागून पळते, कॉलनीला काय तमाशा!) की त्या रागात मी भोंगा दाबला. पोंऽ. काहीच झालं नाही. भिंतीवरून काही आलं नाही. बिरजूने एक डोळा उघडला, तो म्हणाला, "साहेब, किंचाळले नाई तुम्ही." मी म्हणालो, "तू पळाला नाईस." मी परत दाबला. मग परत. मग मला काय झालं कोणास ठाऊक, मी दाबतच राहिलो, आणि दोन्ही ओळींतल्या क्वार्टरमधून बाया वाट्या, डबे घेऊन बाहेर आल्या आणि माझ्याकडेच पाव मागू लागल्या. बिरजू हसत होता, मी पाव देत होतो. गुणवंतराव नाक शिंकरत आले आणि मी न्हाणीत गेलो नाही. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की मी चांगल्या उन्हात, रस्त्याच्या मधोमध उभा आहे. अंगावर ऊन घेऊन किती दिवस झाले होते! तुझी भावजय फाटकात येऊन उभी राहिली. वाटलं, आता दोन गोड शब्द बोलेल. म्हणाली, "बाहीर निंघालेच तं चौकातून मेथी आना." मी गेलो. मेथी आणली. जून निघाली, ती निराळी गोष्ट.

तर असा हा माझा छळ. मी घरातला मोठा, माझ्यावर माझ्याच घरात प्रयोग झाले, वड्या टाकून मला माणसाळवलं, आणि वरून गावभर बदनामी. तू आम्हा सगळ्यांत थोरली आहेस. तुझा शब्द इथे कोणी खाली पडू देत नाही. म्हणून नंदिनीला चार शब्द खडसावून सांग, अशी माझी मागणी आहे. नातीला आणि तिच्या उंच नवऱ्याला आशीर्वाद. गुडघा जप.

तुझा, अन्याय सोसलेला भाऊ
श्रावण

ता. क. खडसावायची घाई करू नकोस. आधी राजदीपला फोन कर. नंदिनीला हेच पुढे शिकायला नागपूरला प्रवेश मिळाला आहे, लोकांवर उपचार करण्याचं शिक्षण. राजदीप म्हणतो, दोन वर्षं घर कोण पाहील? आणि ती बिचारी "राहू द्या" म्हणून चूप बसली आहे. माझं तो ऐकत नाही, म्हणतो, "बाबा, तुम्हीच तं तिच्यावर ओरडत राह्यता." तुझं ऐकेल. त्याला सांग की घर मी पाहीन. चहा मला येतो, भाजी आता मीच आणतो, वरण शिकता येईल. तिला जाऊ दे. इकडे डोक्यात गाठी बसलेली माणसं पुष्कळ आहेत आणि सगळ्यांच्या घरी नंदिनी नाही.

दुसरा ता. क. हे मी लिहिलं असं दोघांनाही सांगू नकोस. नंदिनी आत्ताच डोकावून गेली, आत्याबाईंना काय लिहिता म्हणून विचारलं. मी म्हणालो, तुझी तक्रार. ती "बरं" म्हणाली आणि पंखा माझ्याकडे वळवून गेली.

तिसरा ता. क. ती विचारेल तर म्हणावं, श्रावण भयंकर संतापला आहे. तिला कळते.