गाडीचं नाक

माय, आज लेकीच्या गाडीचं नाक बदललं. गाडी म्हटलं की तुझ्या डोळ्यापुढे बैलगाडीच येईल, म्हणून नीट सांगतो. तुझी नात अमरावतीला स्वतःची मोटार चालवते आणि तुझी सून गेल्यापासून मी तिच्याकडेच राहतो. या मोटारींना धूर जायच्या नळीत एक बोटाएवढा पार्ट बसवलेला असतो. ऑक्सिजन सेन्सर म्हणतात त्याला. बाहेर पडणारा धूर तो हुंगतो आणि इंजिनाला कळवतो, की हवा कमी पडते आहे, पेट्रोल जास्त होतं आहे. तो बिघडला की चालवणाऱ्यासमोर पिवळा दिवा लागतो आणि इंजिन अंदाजाने पेट्रोल पीत राहतं. आमच्या वेळी असलं काही नव्हतं, आम्ही स्क्रू फिरवायचो आणि कानाने ओळखायचो. पण चार दिवसांपासून तो पिवळा दिवा पाहतो आहे आणि मला सारखी तूच दिसते आहेस, दारात उभी, पदराला हात पुसत.

"हा कर," तू म्हणायचीस.

मी तेव्हा विशीतला. सातवीतून शाळा सोडलेली, पण मूर्तिजापूरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये ट्रकदुरुस्तीचं काम करायचो, कमावता होतो. तरी संध्याकाळी उंबऱ्यावर वाकून तुझ्या तोंडासमोर हा करावा लागायचा. तू ठेंगणी, म्हणून मला चांगलंच वाकावं लागे. थंडीत माझ्या तोंडची वाफ तुझ्या चेहऱ्यावर जायची आणि तू डोळे मिटून उभी राहायचीस, लांबून कोणी हाक मारतं आहे आणि ती नीट ऐकू येत नाही, अशी. सरकीचा वास, ऑइलचा वास, दिवसभराच्या घामाचा वास, त्या सगळ्यांतून तू एक बिडी शोधत असायचीस. आतून भाकरीचा वास येतो आहे, छोट्या रेल्वेगाडीची शिट्टी शेतांवरून येते आणि विरते, आणि मी वाकलेलाच आहे. मग तू म्हणतेस, "जा, हात धू." म्हणजे सुटलो.

बिडी लागल्यावर मी लवंग शोधून काढली. चुलीमागच्या फळीवर चहापत्तीच्या जुन्या डब्यात तू लवंगा ठेवायचीस. सकाळी एक उचलायची, खिशात टाकायची आणि घराच्या वळणावर चावायची. किती महिने गेले असतील. तू डोळे मिटायचीस, हुंगायचीस, म्हणायचीस, जा, हात धू. आणि मी हात धुताना खूश होऊन हसायचो.

एक दिवस जेवायला बसलो तर ताटात भाकरीशेजारी तो डबा. रिकामा. तू चुलीकडे तोंड करून भाकर थापत होतीस. म्हणालीस, "उंदरं काई लवंगा खात नाहीत." तू भाकर तव्यावर टाकलीस, तिला पाणी लावलंस, आणि मागे न पाहता म्हणालीस, "मले फसवशील. छातीले कसा फसवशील?" आवाज चढला नाही, हात थांबला नाही. दुसऱ्या दिवशी फळीवर पाहिलं तर डबा लवंगांनी काठोकाठ भरलेला. बाजाराचा दिवस नसताना तू कुठून आणल्यास, देव जाणे. आणि त्या दिवसापासून तू मला हा करायला कधी सांगितलं नाहीस. मी दारात येऊन थांबायचो, अर्धा वाकायचो. तू बाजूला व्हायचीस. त्यापेक्षा लाटणं फेकून मारलं असतंस तर बरं झालं असतं. तो भरलेला डबा माफी होती की शिक्षा, हे मला अजून कळलेलं नाही.

गाडीचं सांगत होतो. पोरगी म्हणाली वर्कशॉपमध्ये देऊ, मी म्हणालो घरीच करू, आणि तसं म्हणून बसलो, तर रात्रभर झोप नाही. उद्या तिला मला अकोल्याला न्यायचं आहे. सहा महिन्यांपूर्वी तिथे माझ्या हृदयात जाळी बसवली, तिची तपासणी आहे. गाडी माझ्या हाताने बिघडली तर? जुना पार्ट निघताना नळीतले आटेच गेले तर? पार्ट आणायला गेलो तेव्हा दुकानातला माणूस म्हणाला, "काका, पार्ट काहून बदलता? दिवा घालवून देतो मी दोन मिनिटांत, कोनाले समजते?" मी पार्ट घेऊनच निघालो, पण ते वाक्य घरापर्यंत मागे मागे आलं.

सकाळी इंजिन थोडं गरम करून बंद केलं, कारण गार लोखंड आटे सोडत नाही. हँडब्रेक तीनदा पाहिला, चाकामागे दगड लावला, बॅटरीची तार काढली. गंज सोडवायचं तेल मारून वाट पाहत बसलो. अंगणातल्या निंबातून ऊन गळत होतं, कोणाच्या तरी घरी संत्री सोलत होते, आणि मला वाटलं मी जिनिंगच्या आवारातच बसलो आहे, कापसाची पिसं हवेत तरंगताहेत आणि घरी जायची वेळ व्हायची आहे. पोरीने हाक मारली तेव्हा जागा झालो. ती टॉर्च धरून उभी राहिली. मी वायरचा खटका सोडवला, पाना लावला, जोर दिला. हलेना. मनात म्हणालो, माय, एवढा निघू दे. आणि करकर करत तो फिरला.

टोकावर काजळी होती, चुलीच्या तोंडाला असते तशी, कोरडी. पोरगी तो फडक्यात धरून बघत राहिली. म्हणाली, "बाबा, किती काळा पडला हो. याले बिचाऱ्याले काय समजत असंन?" मी नवा पार्ट हाताने सरळ बसवायच्या कामात आहे असं दाखवलं. त्याच्या टोकाला बोट लावू नये, तेलाचा हात लागू नये, म्हणून मी लहान लेकरासारखा धरला होता. आटे जुळले, पान्याने आवळला, खटका लावला, बॅटरी जोडली. पोरीने फोनवरून गाडीच्या कॉम्प्युटरमधली जुन्या बिघाडाची नोंद पुसली आणि बडनेऱ्याच्या बाजूला चक्कर मारायला गेली. ती येईपर्यंत मी फाटकाशी उभा. माझ्या छातीत धडधडत होतं, ते गाडीसाठी किती आणि कशासाठी किती, सांगता येत नाही.

ती आली. दिवा लागला नव्हता. काच खाली करून हसली, मग हसू थांबवून म्हणाली, "उद्या डॉक्टर विचारतीन, बिडी बंद हाये का. मी हो म्हनू ना, बाबा?"

मी फडक्याला हात पुसत होतो. म्हणालो, "म्हन."

तिने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, तू हुंगायचीस तेवढाच. मग म्हणाली, "बरं. हात धुवा."

माय, सोडलेली बिडी तुझी सून गेली त्या महिन्यात पुन्हा धरली. ऑपरेशननंतर पोरीच्या हातावर हात ठेवून सोडतो म्हणालो, आणि पंधरा दिवस सोडलीही. आता दिवसाला दोन, गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे. पोरीच्या स्वयंपाकघरात लवंगा काचेच्या बरणीत असतात. आज हात धुऊन आलो आणि पहिल्यांदाच त्या बरणीकडे नीट पाहिलं. काठोकाठ भरलेली आहे. मी रोज घेतो, तरी ती कधी कमी झालेली मला आठवत नाही.

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून हे कुठे पाठवायचं नाही. उद्या पोरीला तोंडाने सांगणं माझ्याच्याने होणार नाही, मला मी माहीत आहे. पण गच्चीवरून उतरून तसाच गाडीत बसेन, लवंग न खाता. काचा वर असतील, एसी चालू असेल, मूर्तिजापूर यायच्या आत तिला समजेल. एवढंच जमेल असं वाटतं. हे लिहिताना मात्र तोंडात एक लवंग आहे.