वेहबीच्या इंजिनाचा ठेका

३ एप्रिल

इंजिन दाब धरत नाही. रिझाने हँडल घातलं, जड चाक फिरवलं, झडपेचा खटका सोडला — फुस्स! तीन वेळा. मग हात पुसत, मान खाली घालून बसला. गृहपाठ न केलेल्या दिवशी माझ्या वर्गातही असाच बसायचा. आता खाडीतला एकमेव मेकॅनिक, केस पिकलेले, पण बसणं तेच.

"बोल."

"बाई, आतून खाल्लंय. पन्नास वर्षं समुद्राचं पाणी प्यायलंय, आणखी काय होणार? सगळं खोलून पुन्हा बांधता येईल. पण सुटे भाग बनत नाहीत आता. इझमीरच्या भंगारात हुडकावे लागतील. नाहीतर नवं घ्या. बटण दाबलं की सुरू. हँडल नाही, काही नाही. तुम्हीसुद्धा चालवाल."

"मी कशाला?"

खरंच, मी कशाला? चाळीस वर्षं मी होडीत पुढे बसले, मांडीवर थर्मास. शीड मला येतं, लहानपणापासून. इंजिन नवऱ्याचं, वेहबीचं.

त्याला जाऊन दोन वर्षं झाली. तेवढीच वर्षं होडी धक्क्याला. या उन्हाळ्यात चालली नाही तर फळ्या सुटतील, असं रिझा म्हणतो.

५ एप्रिल

नेझिहेला कळलं. कुंपणापलीकडे राहते, तिला सगळंच कळतं.

"वहिनी, माझ्या भावाचं काळीज काढून भंगारात टाकणार तू?"

"इंजिन आहे ते, नेझिहे."

"तुझ्यासाठी असेल!"

ती शेवटची त्या होडीत बसली तिच्या लग्नाच्या वर्षी. धक्का सुटायच्या आत ओकली होती. हे मी बोलले नाही. वाटीभर चवळीच्या कोवळ्या शेंगा ठेवून गेली. लसूण जास्त.

९ एप्रिल

ठरत नाही.

१२ एप्रिल

या खाडीत याच जातीची नऊ इंजिनं होती. तरी चूक होत नसे. बायका दगडी पायऱ्यांवर शेंगा मोडत बसायच्या. भूशिराच्या वळणावर आवाज आला की त्यांतली एकच उठायची — ज्याची त्याची. बाकीच्या मानही वर करायच्या नाहीत. वळणापासून धक्क्यापर्यंत वीस मिनिटं. तेवढ्यात चहा मुरतो.

आमचं तीन ठोके भराभर टाकायचं आणि चौथा गाळायचं. मग पुन्हा तीन. मी मुलांना वृत्तं शिकवायचे. ही ओळ मात्र कुठल्याच वृत्तात बसायची नाही. चौथ्याच्या जागी दरवेळी कान थांबायचा. आला, नाही आला, आला.

आज रिझाला विचारलं, "बांधलंस तर आवाज तोच राहील?"

"नाही, बाई. तो ठेका नाही, आजार आहे. वेग राखणारी एक स्प्रिंग असते, ती ढिली आहे. बांधताना ती बदलणारच."

म्हणजे नवं आणलं तरी आवाज जाणार, जुनं दुरुस्त केलं तरी जाणार. तो ठेवायचा तर इंजिन आजारी ठेवायचं. मग होडी धक्क्यालाच.

हे कुणी आधी सांगितलं असतं तर!

१६ एप्रिल

वारा. दिवसभर दोर खांबावर आपटत होते. रिझाने नव्याचं चित्र आणून दिलं. निळं, चकचकीत, स्वयंपाकघरातल्या यंत्रासारखं. मी ते उलटं ठेवलं.

२१ एप्रिल

हे लिहावं की नाही. लिहिते.

संध्याकाळी टेबलाशी लिहीत होते, एका जुन्या शिक्षिकेची गोष्ट पुढे सरकत होती. वळणावर आवाज. तीन ठोके, एक गाळलेला.

मी उठले. कागद गोळा केले, कपाटात बिहीच्या मुरंब्याच्या बरण्यांमागे सरकवले, दार लावलं. पेन एप्रनच्या खिशात. चहा ठेवला. दोन ग्लास काढले. हाताला शाई होती, ती लिंबाने घासली.

घासता घासता थांबले.

चहा उकळून शेगडीवर सांडला तरी तशीच उभी.

एकतीस वर्षं मी असं लिहीत आले. वळणावरचा आवाज येईपर्यंत. तो रागावला असता असं नाही. त्याने कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. कुणी वाचेल या विचारानेच अंगावर काटा यायचा.

बाहेर आले तर नेझिहे कुंपणाशी, अनवाणी. "वहिनी, ऐकलंस?" तिच्या हातात झाकलेली ताटली होती. तीही फसली!

रिझा होता. सिलिंडरमध्ये तेल ओतून कसंबसं सुरू केलं, गिअर तपासायला वळणापर्यंत जाऊन आला. आम्हां दोघींना धक्क्यावर बघून त्याचा चेहरा उतरला.

"बाई, चुकलं माझं. आधी सांगायला हवं होतं."

नेझिहेने ताटली त्याच्या हातात दिली. "खा आता. तुझ्यासाठी नव्हती."

२२ एप्रिल

रिझा सकाळीच आला. माफी मागायला, पण बसला आणि बोलत सुटला.

"मी दर हिवाळ्यात वेहबीकाकांना म्हणायचो, दहा मिनिटांचं काम आहे, स्प्रिंग बदलू द्या. डिझेल जास्त खातं, इंजिन झिजतं. ते म्हणायचे, राहू दे, तुझ्या बाई आवाजावरून ओळखतात. मी म्हटलं, बाई धक्क्यावर होडी आली की ओळखतीलच की! तर म्हणाले — लांबून कळलेलं बरं. तिला कागद आवरायला वेळ लागतो."

मी चहा ओतत होते.

"मला वाटलं आमचे परीक्षेचे पेपर असणार. घरी कुणाला दाखवायचे नाहीत म्हणून. काका फार कडक होते का हो, बाई? की आमचे मार्क लपवत होतात?"

"तुझे लपवण्यासारखेच होते."

तो हसला. साखरेचे तीन खडे टाकले. गेला.

वेहबीला माहीत होतं. तो वळणावरूनच हाक मारत होता — येतोय, आवर. माझ्यासाठी त्याने इंजिन झिजू दिलं.

संध्याकाळ

सगळे कागद काढून टेबलावर ठेवले. उडतील म्हणून पंखा लावला नाही.

२३ एप्रिल

काही लिहिलं नाही. नुसतं वाचलं.

२ मे

रिझाला म्हटलं, नवं बसव. बटणवालं.

"नक्की, बाई? आणि आवाज?"

"मी होडीत असणार, रिझा. घरी ऐकायला कोण आहे?"