कपाटामागची भिंत

ती. ताईस,

वाकता येईल तितका नमस्कार. पूर्ण वाकलो असतो, पण सध्या कंबर माझं ऐकत नाही. तुझे गुडघे कसे आहेत? लेकीकडे तिसऱ्या मजल्यावर आहेस, म्हणजे पाण्याची भीती नाही, जिन्याचीच आहे. आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या घराच्या खिडक्या सांगितल्याप्रमाणे रोज सकाळी उघडतो आणि संध्याकाळी लावतो. (बाकी कशालाही हात लावू नकोस, हेही तू तीनदा बजावलं होतंस. विसरलेलो नाही.)

पुरानंतर आमच्या मालकांनी कापडाचं दुकान कायमचं बंद केलं, हे तुला ठाऊक आहेच. सव्वीस वर्षं काउंटरमागे उभा राहिलेला माणूस एकदम घरात बसला की काय होतं ते आमच्या हिला विचार. मी पडद्यांच्या घड्या घालायला लागलो, तेही खिडकीवर टांगलेल्या. तेवढ्यात नगरपालिकेने एक वर्ग काढला. पुरात ज्यांचं काम गेलं त्यांना सहा आठवडे भिंतींना गिलावा करायला शिकवायचं, आणि जे पास होतील त्यांना भिजलेली घरं दुरुस्त करायला वर्षभर कामावर घ्यायचं. मी त्याच दिवशी नाव घातलं. तू हसणार. बासरी, टायपिंग, पोहणं (तेही नेमकं पोहणं!), मी अर्धवट सोडलेल्या गोष्टींची यादी तुझ्याइतकी कोणाला पाठ आहे? आमच्या हिने एवढंच विचारलं, "भिंतीला विचारलंत का?"

आम्हाला शिकवणारी गवंडीणबाई माझ्या निम्म्या वयाची आहे. तिच्या खिशात कायम ओळंबा असतो, म्हणजे दोरीला बांधलेलं ते वजन, ज्याने भिंत सरळ आहे की नाही ते कळतं. ती माणसांकडेही ओळंबा लावल्यासारखीच बघते. पहिल्या दिवशी मी थापीने भिंतीवर मारलेला माल अर्धा जमिनीवर आणि उरलेला शेजारच्या फोटो स्टुडिओवाल्याच्या कानात गेला. (त्याचाही स्टुडिओ बुडाला. पण बिचारा चिडला नाही, म्हणाला, या कानाने तसंही कमीच ऐकू येतं.) दुसऱ्या आठवड्यात मी वाळू आणि सिमेंट दुकानातल्या सवयीने मापलं, म्हणजे मापून झाल्यावर चार बोटं वर. बाई म्हणाल्या, "काका, ही भिंत आहे, धुतल्यावर आटत नाही." हातांची सालं निघाली. दोनदा घरी येऊन थापी कोपऱ्यात फेकली आणि दोन्ही वेळा सकाळी गुपचूप उचलली. ताई, खरं सांगतो, या वयात रोज चुकायला फार लाज वाटते. पण घरी बसायला त्याहून जास्त वाटायची, म्हणून जात राहिलो.

परीक्षा अशी की पुरात भिजलेल्या एका घरातली अख्खी भिंत एकट्याने करायची. बाईंनी ती तपासायची आणि मग घरमालकाने फॉर्मवर सही करायची. संधी दोनच. मला भिंत द्यायला कोणी तयार होईना. औषधांच्या दुकानदाराने माझे हात पाहिले आणि म्हणाला, आमच्या भिंती आता बऱ्याच वाळल्यात. शेवटी एक घर मिळालं. तिथल्या मालकीणबाई बाहेरगावी असतात. (स्वभावाने कडक आहेत म्हणतात.)

भिंत समोरून सुरेख झाली. फक्त शेवटच्या दोन हात रुंदीला माल पुरला नाही. तिथे लोखंडी कपाट असतं. आता कपाटामागे कोण बघतं? मी पातळसा हात फिरवला आणि कपाट जागेवर ढकललं. बाई आल्या, त्यांनी भिंतीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आधी कपाट सरकवायला लावलं. मग शांतपणे म्हणाल्या, "काका, चार वर्षांपूर्वी तुम्ही मला पडद्याचं कापड दिलं होतं. डाग घडीच्या आत होता. घरी गेल्यावर दिसला."

मला तोंड वर करता येईना. सव्वीस वर्षं मी हेच करत आलो, कापडाचा दोष आतल्या घडीत ठेवायचा आणि वरची बाजू गिऱ्हाइकापुढे पसरायची. मी अख्खी भिंत स्वतःच्या हातांनी खरवडली. आठ दिवस आमच्याच न्हाणीघराची भिंत लिंपत आणि उतरवत बसलो. (ही आठ दिवस शेजारी अंघोळीला गेली, पण एका शब्दाने बोलली नाही, हे इथे नोंदवतो.) मग पुन्हा ती भिंत केली. या वेळी सुरुवात कपाटामागून केली. बाईंनी वरपासून खालपर्यंत ओळंबा सोडला, बोटाने ठोकून पाहिलं आणि म्हणाल्या, "चालेल." आयुष्यभर मी गिऱ्हाइकांना 'सुंदर', 'अप्रतिम' म्हणत आलो. पण त्या 'चालेल'ने माझे डोळे भरून आले.

बाकी सर्व ठीक. भाचीला आशीर्वाद. तब्येतीला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. त्या कडक मालकीणबाई म्हणजे तू. बैठकीची, खिडकीसमोरची भिंत. हात लावू नकोस म्हणाली होतीस, पण जुना गिलावा पापुद्र्यांनी गळत होता आणि दुसरं कोणी उभं करत नव्हतं. हे मी घडीच्या आत ठेवलं होतं, सवय जाता जात नाही. फॉर्म सोबत आहे. पुढच्या शुक्रवारपर्यंत मालकाची सही झाली नाही तर माझी जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाईल.

ता. क. दुसरा. तिकडे बसून सही करू नकोस. धाकटा म्हणून तर मुळीच नको. इथे ये. ओळंबा खिळ्याला टांगून ठेवलाय, स्वतः लावून बघ. दोरी भिंतीपासून कुठे सुटलेली दिसली तर फॉर्म फाडून टाक, मी पुन्हा खरवडेन.

ता. क. तिसरा. येशील तेव्हा मागच्या दाराने ये. पुढच्या दाराला कपाट आडवं आलंय. भिंत तू पाहिल्याशिवाय मी ते जागेवर ढकलणार नाही.