कमरेत घट्ट

३ मार्च, सोमवार

पुन्हा घट्ट! कमरेतच. धाकटीने श्वास आत ओढला, मी दोन्ही हातांनी चेन खेचली, तेव्हा कुठे ती अर्ध्यावर आली आणि तिथेच अडकली. "जाऊ दे ना ताई, थोडंसंच तर आहे," म्हणे. थोडंसं? मॅडमच्या दुकानात थोडंसं चालत नाही.

पहिला नमुनाही असाच कमरेला चावत होता. तेव्हा मी बाजूच्या रेषा जरा बाहेर काढल्या, धाकटीला नीट बसेल असा केला आणि मॅडमना पाठवला. मॅडमचा फोन — "अहो, आमच्या मापाच्या मुलीच्या अंगावर पोत्यासारखा लोंबतोय." बरं. ती दुरुस्ती रद्द केली, मूळ रेषा ठेवल्या, कटिंगचा कागद परत छापला, ड्रेस परत शिवला. आणि आज हे.

म्हणजे आधी घट्ट, मग सैल, आता परत घट्ट. फाइल तीच. कात्री तीच. अंगावर घालून बघणारी बाई तीच. मग बदलतंय कोण? तर छापणारे महाशय. खिडकीखालच्या टेबलावर बसलेत, पांढरेशुभ्र, निळा दिवा लावून. सासूबाई त्यांना जावईबापू म्हणतात. सगळ्यांनी पुढे-पुढे करायचं आणि त्यांनी रुसायचं!

५ मार्च, बुधवार

कारखान्यात बरं होतं, असं आज पहिल्यांदा मनात आलं. लगेच जीभ चावली.

तिथे छापायचं मशीन पलंगाएवढं होतं. अख्ख्या ड्रेसचा कागद एका तुकड्यात बाहेर यायचा. इथे तोच ड्रेस छोट्या छोट्या पानांत निघतो. मी जमिनीवर बसून पानाला पान जुळवते, चिकटपट्टी लावते, मग तो कागद मांजरपाटाच्या कापडावर ठेवून कापते. एक पान केसभर लहान आलं, की बेरीज होत होत कमरेला फरक पडतो. आणि मग धाकटीची चेन लागत नाही.

पण कारखान्यात सुपरवायझरने माझे कागद स्वतःचे म्हणून मालकांना दाखवले होते. मी ॲप्रन काढला, घडी घालून त्याच्या टेबलावर ठेवला. "येशील परत," म्हणाला. सगळ्यांसमोर. यांनी त्याच आठवड्यात हा प्रिंटर आणला. छापतो, स्कॅन करतो, झेरॉक्स काढतो, तारेचं झंझट नाही. खोक्यावरचं सगळं मला वाचून दाखवलं. किती खूश होते!

मॅडम हे माझं पहिलं गिऱ्हाईक. पहिलं आणि आजवरचं एकच. हा नमुना पास झाला तर पुढच्या सगळ्या ड्रेसांचे कागद माझ्याकडे. नाही झाला तर तोच सुपरवायझर आणि तेच टेबल.

६ मार्च, गुरुवार

दिवसभर ऑफलाइन. बंद केला, चालू केला, वायफायच्या डबीशेजारी नेऊन ठेवला. आता मांडीवर घेऊन थोपटायचा तेवढा राहिलाय.

७ मार्च, शुक्रवार

सापडलं! सापडलं!

छपाईच्या खिडकीत एक बारीक चौकट असते — पानात बसवा. तिच्यात बरोबरची खूण. ती असली की महाशय प्रत्येक पान केसभर आक्रसून छापतात, मुकाट्याने. मी तर ती कधीच लावत नाही. मग लावली कोणी? आमच्या ह्यांनी. यांच्या डेपोचा ड्युटीचा तक्ता छापताना उजवीकडचा रकाना कापला जात होता, म्हणून जानेवारीत लावली आणि विसरून गेले.

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. हे शांतपणे म्हणाले, "मला काय माहीत, तुझे कागद खरोखरच्या मापाचे असतात ते?" इतकी वर्षं संसार केलाय माझ्याशी! सासूबाई तिकडे भाजी निवडता निवडता भाजीलाच म्हणाल्या, "नाचता येईना, अंगण वाकडं." मी ऐकलं नाही असं दाखवलं.

खूण काढली. ठरलेल्या मापाचा तपासणीचा चौकोन छापला, पट्टी लावली — तंतोतंत. मग मधला नमुना सैल कसा झाला होता? नको विचारूस, बये. सापडलं ना? आता छाप.

आज जेवण गोड लागलं.

९ मार्च, रविवार

आधीपेक्षा घट्ट.

मला वाटलं मी चेनच चुकीची लावली. उसवली, परत लावली. धाकटी तोवर माझ्या गाऊनमध्ये पलंगावर बसून होती. परत घातला. कंबर तर नाहीच, छातीतही आवळतोय.

"जाडी वाढली का ग तुझी?" मी विचारलंच शेवटी. तिने मनगट पुढे केलं. घड्याळ सैल होऊन गरागरा फिरतंय. आणि खरंच, चेहरा केवढासा झालाय, गालफडं बसलीत. दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला दिवसभर उभी असते, वेळेवर जेवत नाही. अशी बाई जाड कुठून होणार? तरी म्हटलं, टेप लावून बघू या एकदा. तर मागे सरली. "नको ग, गुदगुल्या होतात. माझं माप तर तुला झोपेतही पाठ आहे."

आहेच पाठ. लग्नाआधीपासून तिच्याच अंगावर सगळं बसवून बघत आलेय. माझ्याकडे पुतळा नाही, धाकटी आहे. कारखान्यातले मास्तर सांगायचे, मापाची बाई म्हणजे पट्टी, आणि पट्टीला कोणी मोजत बसत नाही. मग चूक कागदात. कागद म्हणजे जावईबापू. हे मशीन दर वेळी थोडं थोडं जास्त आक्रसतंय. असं होऊ शकतं का? कोणाला विचारू?

११ मार्च, मंगळवार

मेकॅनिक येऊन गेला. त्याने झाकण उघडलं, फुंकर मारली, झाकण लावलं. चौकोन छापला. मी पट्टी दिली. चौकोन बरोबर. दुसरा छापला. बरोबर. मी म्हटलं, मोठं काहीतरी छापा, लांबलचक. तेही बरोबर. "मशीन एकदम ओके आहे मॅडम. कापड आटत असेल तुमचं."

कापड! हे कसं सुचलं नाही मला? दुकानदाराने या खेपेला दुसरा मांजरपाट दिला होता. शिवल्यावर इस्त्री करताना वाफेने आटला असेल. संध्याकाळी अख्खा तागा बादलीत भिजवला, पिळला, दोरीवर टाकला. उद्या परत भिजवणार. आटायचं ते आधीच आटून घे बाबा.

१३ मार्च, गुरुवार

मॅडमचा फोन. आवाज गोडच होता, म्हणून जास्त भीती वाटली. "शनिवारी, बावीसला, मला पास करता येईल असा नमुना हवाय. नाहीतर दुसऱ्या एक बाई आहेत, त्यांना सांगते. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका हं."

फोन ठेवला आणि कॅलेंडरवर बावीसला गोल केला. हे म्हणाले, काही गेलं तर जाऊ दे, दुसरं मिळेल. कुठून मिळेल? मला बाजारात ओळखतं कोण? आंघोळ करताना रडून घेतलं. बाहेर सासूबाई होत्या.

१६ मार्च, रविवार

दोनदा भिजवलेलं कापड. चौकोन तपासलेले कागद. चिकटपट्टी लावताना भिंग घेऊन बसले होते. आणि चेन मागच्या रविवारपेक्षाही खाली अडकली.

मी ओरडले. "सरळ उभी राहा! श्वास सोड! खांदे पाड!" ती वळली, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. म्हणाली, "ताई, बसू का जरा? थकलेय." मी म्हटलं, "थकलीस? तुला काय झालंय थकायला? घरी जाऊन तंगड्या पसरून झोपशील. तुला कोण उठवायला बसलंय तिथे?"

तोंडातून निघून गेलं. दोन वेळा तिला दिवस राहिले आणि दोन्ही वेळा गेलं. दुसऱ्या वेळी दवाखान्यात मीच होते उशाशी. त्यानंतर घरात कोणी तो विषय काढत नाही. आणि मी, सख्खी मोठी बहीण, हे बोलले! तिने ड्रेस उतरवला, घडी घातली, माझ्या हातात दिला. चहा न घेता गेली. फोन केला तर उचलत नाही.

एका चेनपायी मी काय होऊन बसलेय?

१७ मार्च, सोमवार

धाकटीचा निरोप आला — "रागावले नाहीये. ड्रेसचं बघ." मी त्यावर काय लिहू? "चुकले" एवढंच लिहिलं.

आता जावईबापूंच्या भरवशावर राहायचं नाही. प्लगच काढून टाकला. खाकी कागद आणला, फरशीवर पसरला, पट्टी, पेन्सिल, गोलाईची फळी. मास्तरांनी शिकवलं तसं हाताने काढतेय. धाकटीचं जुनं माप, त्यात सैलपणा, शिवणीची माया, कमरेचे टक्स. गुडघे फुटायची वेळ आली. पण हात विसरलेला नाही. रेघ अशी सुरेख आली की मीच बघत बसले. हे दारात येऊन उभे राहिले, म्हणाले, "वा." बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं.

१९ मार्च, बुधवार

शिवून झाल्या झाल्या धाकटीच्या दवाखान्यात गेले, तिच्या जेवणाच्या सुट्टीत. ती नाही म्हणत होती, "रविवारी बघू." मी हात जोडले. मागच्या खोलीत, औषधांच्या खोक्यांमध्ये घातला तिने.

नाही होत.

ती म्हणाली, "ताई, ऐक..." तेवढ्यात बाहेरून डॉक्टरीणबाईंनी हाक मारली आणि ती भराभरा कपडे बदलून गेली. मी ड्रेस पिशवीत कोंबला. रस्त्यात कुठे वळले, कुठली बस पकडली, आठवत नाही.

म्हणजे प्रिंटर नाही. ती खूण नाही. कापड नाही. वायफाय नाही. बिघडलेय ती मी. घरी आल्यावर यांना टेपचं एक टोक धरायला लावलं, खाकी कागद पुन्हा पुन्हा मोजला. आकडे बरोबर येतात. मग कापड मोजलं, तेही बरोबर. सगळं बरोबर असून अंगावर चूक! मी आकडे चुकीचे वाचतेय का? डोळ्यांचं काही झालंय? की डोक्याचं? आईच्या आईला म्हातारपणी असंच सुरू झालं होतं, ती भलतेसलते हिशेब करत बसायची. मी अजून पन्नाशीचीही नाही. मला भीती वाटतेय, खूप भीती वाटतेय. हे यांना सांगितलेलं नाही.

२० मार्च, गुरुवार

मॅडमना मीच फोन केला. म्हटलं, त्या दुसऱ्या बाईंना द्या. "नक्की?" म्हणाल्या. नक्की.

मग कारखान्यात केला. सुपरवायझरने स्वतः उचलला. वाटलं होतं हसेल. हसला नाही. "सोमवारी ये. कटिंगला. कागदाच्या खोलीत आता जागा नाही." इतक्या वर्षांनंतर कटिंगला, नव्या मुलींच्या रांगेत. मी हो म्हणाले.

यांना सांगितलं तर यांनी मान हलवली. सासूबाईंनी माझ्यापुढे दुधाचा पेला ठेवला. त्या टोमणा मारत्या तर मला भांडता तरी आलं असतं.

२१ मार्च, शुक्रवार

प्रिंटरवर जुनी चादर टाकली. चिकटपट्ट्या, भिंग, पेन्सिली खोक्यात भरून माळ्यावर.

२३ मार्च, रविवार

धाकटी सकाळीच आली, एकटी. मी कारखान्याचं सांगितलं तशी तिने माझा हात धरला. म्हणाली, "ताई, तुझा कागद बरोबर होता ग. पहिल्यापासून मीच मावत नव्हते त्यात."

पाचवा महिना लागलाय. काल तपासणी झाली, सगळं नीट आहे. मागच्या दोन्ही वेळी सगळ्यांना सांगितलं आणि गेलं, म्हणून या खेपेला नवऱ्याखेरीज कोणालाच नाही. "तू टेप हातात घेतलास की माझा जीव जायचा. आकडा बोललीस, तर हेही जाईल असं वाटायचं. तुझं काम जाईल हे कळत होतं मला. तरी तोंड उघडेना." मी तिच्यावर ओरडले. तीन आठवडे मी वेडी झाले म्हणून रडतेय आणि तू! मग तिला धरलं ते सोडवेना. सासूबाई आतून धावत आल्या, काय झालं म्हणून.

मॅडमना उद्या फोन करीन. ऐकतील, न ऐकतील. आज नाही.

जाताना धाकटीने स्वतःच टेबलावरचा टेप उचलून माझ्या हातात दिला. "घे आता." माप घेतलं. आकडा कुठेच लिहिला नाही, इथेही नाही.