कोरड्या विटांची भिंत

शिंदखेडा, मंगळवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. दुपारी आमचं बांधकाम बघायला पाहुणे आले, तर सासरे, म्हणजे नाना, विटांचं कौतुक सांगत बसले. उन्हाळ्यात घर गार राहतं, खिळा घट्ट बसतो, नातवंडांपर्यंत टिकतं. सगळं खरं! पण विटा भिजवायला मी सकाळी भरलेलं पिंप तसंच काठोकाठ भरलेलं. या उन्हात कोरडी वीट सिमेंटचं पाणी पिऊन टाकते, हे माझ्या वडिलांच्या वीटभट्टीवर शेंबडं पोरही सांगेल.

मिस्त्री म्हणाला, "भिजवल्या की जड होतात, वहिनी. नाना म्हणाले, तशाच लावा."

नानांना विचारलं, तर पाहुण्यांसमोरच म्हणाले, "तुले काय समजस त्यामा?"

आणि मी चहा टाकायला आत गेले. का गेले?

पाहुणे गेल्यावर भिंतीवरची एक वीट एका हाताने उचलली. अलगद निघाली, बुडाला सिमेंटचा कणभर माल चिकटलेला नाही. नानांसमोरच ती पिंपात टाकली. बुडबुडे कितीतरी वेळ येत राहिले.

नाना बघत होते. शेवटी हळूच म्हणाले, "बठ्ठी पाडनी पडी का?"

मी म्हटलं, "बठ्ठी. अख्खी भिंत."