झाकलेला आकडा

प्रिय सूरज,

फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र भीमाच्या गॅरेजच्या पत्त्यावर टाकतेय. आबांनी तुला घराबाहेर काढलं, तू तिथंच, कापूरहोळला गॅरेजात झोपतोस, हे शेजारच्या भागूबाईंनी सांगितलं. आई गेली आणि तू मला बारा दिवस कळू दिलं नाहीस. दहाव्याला कावळा शिवेना. पोरीचं सगळं नीट करतो असा शब्द देऊन आबा दुपारपर्यंत उन्हात बसले, तरी शिवेना. शेवटी दर्भाचा कावळा करावा लागला. जीव पोरीत अडकला आणि ह्या पोरानं तिला बोलावलं न्हाई, असं ते साऱ्या मार्गासनी गावाला सांगतायत.

मेल्या, तुला ही अक्कल माझ्याकडूनच आली. दिवाळीत गोठ्यापाशी बसून मीच तुला माझं काम सांगितलं. आमचा तो कण मरेपर्यंत घडीत कण असतो, घडीत प्रतिकण, म्हणजे स्वतःच्याच उलट. मरताना काय होता ते दिसतं. जन्मताना काय होता ते त्याच्यासोबत जन्मलेल्या जोडीदारावरून ओळखायचं. आबा करडू वळखतात तसंच की, तू म्हणालास, कुठली शेळी पाजते ते बघून. मी लई हसले होते. मग सांगितलं, की तो किती वेगानं उलटसुलट होतो, तो आकडा संगणक आमच्यापासून झाकून ठेवतो. सगळ्या तपासण्या होईपर्यंत उघडायचा नाही, नाहीतर माणूस मनाला हवं तसं मोजतो. चार वर्षांच्या कामाचा तो आकडा चौदा मेला उघडणार होता. आई तीन तारखेला गेली. ताईचा आकडा उघडेपर्यंत झाकून ठेवायचं, हे तू माझ्याच शब्दांवरून ठरवलंस.

आकडा उघडला. चांगला आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीसुद्धा.

आता खरं ऐक. सहा तारखेला तू व्हिडिओ कॉल केलास. एवढ्या उकाड्यात डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, आणि तुझी मिशी नव्हती. आबांच्या शिव्या खाऊन जपलेली मिशी. आपल्याकडं ती कधी उतरवतात हे मला कळत नाही होय रे? मागं आबा खोकताना ऐकू आले. मग राहिलं कोण? मी शेळ्या कशा आहेत विचारलं. तू म्हणालास, बऱ्या हायेत. मी फोन ठेवला आणि कामाला बसले. त्याच दिवशी निघाले असते, तर दहाव्याला पोचले असते. पण तू तोंडानं सांगितलं नाहीस, तोवर आई आहे असं मी धरून चालले. लाज वाटते रे मला.

तेव्हा आता घरी जा. आबांना वाचता येत नाही, तर हे मोठ्यानं वाचून दाखव. आत घेतलं नाही, तर उंबऱ्याबाहेर उभा राहून वाच. तू मला सांगितलं नव्हतंस, पण मला कळलं होतं आणि मी आले नाही, हे त्यांना कळू दे. घराबाहेर काढायचं तर मला काढा म्हणावं. माझी दया येऊन मिशीचा भाग गाळशील, ओळखते मी तुला. गाळू नकोस. माझ्यापायी एकदा झाकलंस तेवढं पुरे.

तुझीच,
प्रांजलताई