निर्यातबंदी उठली त्या दिवशी

अण्णा, आज बाजाराला सुट्टी आहे म्हणून निवांत ओट्यावर बसून तुम्हाला लिहितेय. घोडेगावच्या ज्या आवारात तुम्ही जन्मभर गोण्या वाहिल्या, तिथंच मी आता कांदा निवडते, आणि निवडणाऱ्या बायकांची संघटनाही चालवते. हे सगळं तुमच्या माघारी झालं.

शंभर किलोची गोणी पन्नासची करा म्हणून तुम्ही हमालांचा संप केला, तेव्हा मी दहा वर्षांची. आवारात कांदा सडत होता. एक शेतकरी तुम्हाला शिव्या द्यायला लागला, तसा मी त्याला कांदा फेकून मारला. हमाल हसले. तुम्ही मात्र माझा कान धरलात. "त्याचंबी घर कांद्यावरच हाय. माफी माग." मी रडत रडत माफी मागतेय आणि तो तोंड फिरवून उभा आहे, हे अजून दिसतं मला.

मध्यंतरी सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली. भाव पडला, शेतकरी माल आणेनात, हमाल रिकामे, आम्ही बायकाही रिकाम्या. जो तो आपापलं निवेदन देऊन यायचा, विचारत कुणी नव्हतं. शेवटी मी दोन हमालांना घेऊन शेतकऱ्यांच्या पुढाऱ्याच्या घरी गेले. बघते तर मी कांदा मारला होता तोच माणूस, आता म्हातारा झालेला. म्हणाला, "तुझ्या बापानं आमचा कांदा सडवला हुता."

"व्हय, सडवला," मी म्हटलं. "पाठी मोडल्या हुत्या हमालांच्या."

तेवढ्यात त्याची बायको चहा घेऊन आली. "आता तर संप न करताच सडतोय की!"

म्हातारा आधी हसला, मग आम्ही सगळेच.

तहसीलवर एकत्र मोर्चा निघाला. पुढं हमाल, मागं ट्रॅक्टर, ट्रॉल्यांत गाणी म्हणणाऱ्या आम्ही बायका. चक्क व्यापारीही आले. म्हाताऱ्यानं भाषणात आधी हमालांसाठी काम मागितलं. मी आधी कांद्याला भाव मागितला. शेवगावचे हमालही पुढं आमच्यात आले. असे मोर्चे ठिकठिकाणी निघत राहिले आणि एके दिवशी बंदी उठली. आमच्या एकट्यांमुळे नव्हे, पण त्यात आम्हीही होतो! आवारात पुन्हा ट्रॅक्टरांची रांग लागली, हमालांनी गुलाल उधळला. म्हाताऱ्याच्या बायकोनं मला ओढून फुगडी घातली आणि आम्ही दोघी टरफलांच्या ढिगात आपटलो.

हे पत्र टाकायचं कुठं? गादीखालीच ठेवते. एक मात्र कबूल करते, अण्णा. त्या दिवशी तुमची आठवण एकदाही आली नाही, इतकी मी खुशीत होते. आली ती दुसऱ्या दिवशी, भाकरी थापताना.